रिकामी यादी

शिरड शहापूरच्या घरी बसून मी एका खासगी दवाखान्यासाठी रक्तसाठ्याचा प्रोग्राम लिहीत होते. जावा या संगणकाच्या भाषेत 'दाखव' या एकाच नावाच्या दोन मेथड, म्हणजे प्रोग्राममधले कामाचे तुकडे, केल्या. एक फ्रिजमधल्या पिशव्यांची यादी घेणारी, दुसरी वॉर्डातून आलेल्या मागण्यांची. प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरनं त्या नाकारल्या. यादीत कसल्या वस्तू आहेत हे जावा तपासणीपुरतंच बघतं, मग पुसून टाकतं. पुसल्यावर उरते नुसती यादी, म्हणून दोन्ही मेथड त्याला एकच वाटत होत्या.

पुण्यातल्या वरिष्ठांना फोन केला. "दोन वेगळी नावं दे," ते म्हणाले. पण मग 'दाखव' जिथे जिथे वापरलं होतं ते सगळं बदलावं लागणार होतं. मी कंटाळा केला. एकच मेथड ठेवली. यादीतली पहिली वस्तू पिशवी असेल तर साठा दाखवायचा, नाहीतर मागणी. सगळ्या चाचण्या पास झाल्या. तरी काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. काय, ते सापडेना.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला.

"ताई, हे काय करून राहिलं तुमचं? साठ्याचं बटण दाबलं की 'मागणी नाही' येऊन राहिलं. इथं बाळंतिणीचं रक्त थांबंना!"

यादी रिकामी असेल तर पहिली वस्तूच नाही, म्हणजे पिशवीही नाही; म्हणून प्रोग्राम तिला मागण्यांची यादी समजत होता.

"पडद्याचं सोडा, फ्रिज उघडा."

पावलं वाजली, फ्रिजचं दार वाजलं.

"एक बी पिशवी न्हाई."

"कधीपासून असं दिसतंय?"

"सकाळपासून. आमाला वाटलं, बराबर असंल."

म्हणजे साठा संपल्याचं कुणाला कळलंच नव्हतं, आणि सकाळपासून कुणी रक्त मागवलं नव्हतं. फोन कट झाला.

त्याच बैठकीत मी 'साठादाखव' आणि 'मागणीदाखव' अशी दोन नावं दिली, एकेक जागा बदलली, रिकामी यादी देऊन पाहिली. आता बरोबर आलं. तीन वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही.

संध्याकाळी नर्सबाईंनीच केला. नांदेडहून रक्त आलं होतं. "बाई वाचली. लेकरू बी बरं हाय."

"उशीर काहून झाला, विचारलं का घरच्यांनी?" मी म्हणाले.

"विचारलं. आमी सांगितलं, रक्ताची गाडी उशिरा आली."

दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना, चूक माझी होती, असं सगळं लिहून पाठवलं. त्यांनी ते वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.