विसावी फळी

आयुष्यात मी एकाच माणसाला तोंडावर चोर म्हटलं, आणि तो नेमका साऱ्या औरंगाबादेतला सर्वांत सरळ आणि सर्वांत संतापजनक सुतार निघाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं, मी नवी सून होते आणि चौथी पास होते. त्या चौथीचा ताठा माझ्या पदरात मावत नव्हता.

छावणीजवळच्या आमच्या घरामागं पेरूची बाग होती. गुडघ्यांमुळं सासूबाई दोन वर्षं खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. बागेतली जमीन कायम ओली, म्हणून तिथं त्यांना बसायला सागवानी तख्त करायचं ठरलं. चैत्राचं हळदीकुंकू त्या तिथं बसून करणार होत्या. मामंजींनी बोलावलं ते त्यांच्या जुन्या सुतारचाचांना. या गृहस्थांनी फुटपट्टी कधी हातात धरली नाही. गाठी मारलेली एक सुतळी कानाला अडकवलेली, तेवढ्यावर सगळं. वखारीत लाकूड जिभेनं चाटून बघायचे आणि वखारवाल्याला सांगायचे, "हे झाड आजारी व्हतं." आमच्याकडं पहिला अख्खा दिवस त्यांनी पेरूची सावली कुठं सरकते ते बघण्यात घालवला. चहा सात वेळा. दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "सूनबाई, हळदीकुंकवाला बायका किती?"

"पंधरा."

"त्यात जाड्या किती?"

आलेल्या-गेलेल्यांची वजनं विचारणारा सुतार मी जन्मात पाहिला नव्हता. सहा, म्हणाले मी फणकाऱ्यानं. स्वतःला त्यात मोजलं नाही.

तख्त दहा फूट, फळी सहा इंच रुंद. मी पाटीवर हिशेब मांडला होता, आणि त्याप्रमाणं वखारीतून वीस फळ्या आल्या होत्या. चाचांनी त्यातली एक उचलून बाजूला ठेवली.

"ही कशाला?"

"एकोणीस लई झाल्या. मधी नखाएवढी फट ठिवावी लागती. पाणी लागलं का लाकूड फुगतं."

"फुगायला लाकूड म्हणजे काय पुरी आहे? सरळ सांगा ना, ही तुमच्या घरी जाणार म्हणून."

मामंजींनी मान खाली घातली. चाचा एवढंच म्हणाले, "बरं. वीस." कडेच्या दोन ठोकल्या, बाकीच्या मधे घट्ट दाबून बसवल्या आणि गेले.

बागेला रोज दोन वेळा पाणी. आठ दिवसांत माझं तख्त मधोमध असं वर आलं, की खाली उंट बसलाय म्हणावं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी सासूबाई भिंतीला धरत धरत दारापर्यंत आल्या, त्यांनी ते बघितलं आणि परत फिरल्या. "राहू दे गं. मी आपली खोलीतच बरी." मला धरणी पोटात घेईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, कुणी न बोलावता, चाचा हजर. एक फळी काढली, बाकीच्या नखानं मोजून सारल्या, ठोकल्या. त्या दुपारी सासूबाई तख्तावर बसून बायकांच्या ओट्या भरत होत्या.

मी चहा घेऊन गेले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच, "चुकतंय हे ठाऊक होतं, तर माझं ऐकलंत कशाला?"

चाचांनी बशीत चहा ओतला आणि एक फुरका मारला. मग म्हणाले,

"आमच्या बीबीनं बी लग्नाच्या पलंगाला फट ठिवू दिली नव्हती, सूनबाई. पयल्याच पावसाळ्यात असंच टेकाड आलं मधी. तीस बरसं दोघं दोन बाजूंच्या उतारावर झोपलो. ती गेल्यावर सपाट केला, तर आता झोपच येत नाय."