काकूंनी अपडेटचं बटण दाबलं तेव्हा

किराणा दुकानात सुतळीचे तुकडे जमतात ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से जमतात. फेकवत नाहीत, अन् चहासोबत कधी ना कधी कामी येतातच!

ऑफिस नागपुरात, माणसं दोन. मी आणि प्रफुल्ल. लोकांच्या वेबसाइट बनवतो, पडल्या की उचलतो. मी फोन घेते आणि बोलणी खाते. प्रफुल्ल कोड पाहतो आणि माझ्याही वाटचा चहा पितो.

* * *

साइटला फोटो दाखवायला, फॉर्म भरून घ्यायला छोटे प्लगिन जोडलेले असतात. ते अधूनमधून अपडेट मागतात, आणि एखादा बिघडला की अख्खी साइट झोपते. म्हणून प्रफुल्लचा नियम आहे. अपडेट करण्याआधी मोठ्यानं ओरडायचं, "हात लावून राहिलो!"

एकदा कोराडीच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले एक गृहस्थ समोर बसले होते. प्रफुल्ल ओरडला, तसे ते खुर्ची सोडून भिंतीला चिकटले.

"काहून गा, करंट येते का?"

* * *

एका दुकानदाराचा फोन. "मॅडम, वेबसाइट गेली!"

"कुठं गेली?"

"मले काय माहीत? सकाळी तर होती!"

पोलिसात तक्रार द्यावी लागेल का, असंही त्यानं विचारलं. मी त्याला आधी पाणी प्यायला सांगितलं.

* * *

आता कुंदाकाकू. निवृत्त शिक्षिका. दुसऱ्यांदा संसार मांडू पाहणाऱ्यांसाठी वधूवर मंडळ चालवतात. सगळ्यांचे बायोडाटा आम्ही बनवलेल्या साइटवर, मेळाव्यात तेच पडद्यावर दाखवायचे.

परिचय मेळाव्याच्या सकाळी त्यांचा फोन आला. "वं सुषमा, सगळं पांढरं दिसून राहिलं!"

"काकू, तुम्ही काही दाबलं का?"

"हाव ना! सगळीकडे अपडेट, अपडेट लिहून होतं. सगळे करून टाकले. पाहुणे येऊन राहिले, घर साफ नको का?"

प्रफुल्लनं ते ऐकून डोळेच मिटले. मग आम्ही गाडी काढली आणि हॉल गाठला.

* * *

हॉल भरलेला. एकीकडे बाया, एकीकडे पुरुष, मधे पडद्यावर नुसता पांढरा उजेड. काही जण चपला शोधायला लागले होते.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "ती निळ्या साडीतली दिसते का? रेखा. कन्हानची, नर्स आहे. नवरा जाऊन लय वर्षं झाली. भावानं हातापाया पडून आणली. हा शेवटचा मेळावा म्हणते. बाकीचे परत येतील गं, ती नाही यायची."

प्रफुल्लला म्हटलं, "काहीही कर, पण साइट उभी कर!"

बिघडलेला प्लगिन बाजूला काढायचा, एवढंच काम. पण हॉलमध्ये नेट मिळत होतं फक्त बाथरूमच्या दाराशी. प्रफुल्ल तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. येणारा जाणारा त्याला विचारायचा, "भाऊ, आत कोणी आहे का?"

* * *

इकडे काकूंनी माइक हातात घेतला. "मशीन बिघडली. तुमची तोंडं तर बिघडली नाहीत ना? या, आपापलं सांगा!"

दोघंतिघं पुटपुटून बसले. मग काय झालं कोण जाणे, रेखा उठली.

"मी रेखा. मले स्वयंपाक बिलकुल आवडत नाही. भावानं बायोडाटात आवडते म्हणून लिहिलं, ते खोटं आहे."

भावानं कपाळाला हात लावला. मागच्या रांगेतून एक जण उभा राहिला.

"मी दिनेश. कळमेश्वरले कंपनीत आहो. मले आवडते स्वयंपाक. वांग्याची भाजी तर एक नंबर करतो!"

रेखानं वळून पाहिलं. "तिखट किती टाकता?"

"तुमी सांगसान तेवढं!"

हॉल असा हसला म्हणता! चपला घातलेले परत येऊन बसले. तेवढ्यात बाथरूमकडून प्रफुल्ल विजयी मुद्रेनं ओरडला, "काकू, साइट सुरू झाली!"

काकूंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बंद कर गा ते!"

त्या प्लगिनला मी सकाळपासून काय काय बोलले होते! खरं सांगते, त्या क्षणी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

* * *

लग्नानंतर रेखा-दिनेशनं आम्हाला कळमेश्वरला जेवायला बोलावलं. काकूही होत्या. भाजी दिनेशनंच केली होती. डोळ्यांत पाणी आणणारी होती, तरी मी दोनदा घेतली.

जेवताना रेखा सहज बोलली, की नवरा गेल्यावर हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलंच नाही. काकूंनी तिच्या ताटात भाजी वाढली. मग तीच प्रफुल्लला म्हणाली, "भाऊ, काकूनं दाबलं ते बटण दाखवा ना मले."

प्रफुल्लचा लॅपटॉप सोबत असतोच, तोही बोट लावून चालणारा. त्यानं काकूंची साइट उघडली, प्लगिनचं पान काढलं. "हे पहा. अपडेट."

रेखा आत गेली, करंडा घेऊन आली. बोटावर कुंकू घेतलं आणि स्क्रीनवरच्या त्या बटणाला टेकवलं. मग डोळे मिटून हात जोडले.

अपडेट सुरू झालं.

"अवो ताई!" प्रफुल्लचं तोंड पाहण्यासारखं झालं. तो लॅपटॉपकडे झेपावला, तर काकूंनी त्याचा हात धरला.

"राहू दे गा! होऊन जाऊ दे अजून एखाद्याचं!"