सडकेनं नेलेला माणूस

अजूनही डोळे मिटले की ते वळण समोर येते. दोन्ही बाजूंना साग, मधून काळी सडक, आणि पहाटेच्या निळसर उजेडात मोहाचा वास असा तरंगायचा, की आपण ड्युटीवर आहोत हेच विसरायला व्हावे. मी तेव्हा चामोर्शीकडच्या एका लहान ठाण्याची ठाणेदार होते.

सडकेवर डांबराचा नवा थर टाकणे चालू होते. ठेकेदार तक्रार घेऊन आला. वळणाच्या कडेला कोणीतरी दगड टाकते, मजूर उचलतात, सकाळी पुन्हा हजर.

"काम बंद पाडायचा डाव आहे मॅडम. गुन्हा दाखल करा. या आठवड्यात रोलर तिथं पोचते."

आमच्या नक्षलग्रस्त भागात सडकेवर दगड म्हटले की पोलीस आधी घातपाताचाच विचार करतो, वेगळे सांगायला नको.

खबर दिली ती चहाटपरीवाल्या चाचांनी. "बाई, वर्दीत जाल तर कोणीच दिसनार नाई. बाजाराच्या दिवशी लुगडं नेसून बसा."

बसले. उजाडता उजाडता माणसे बाजाराला निघाली. एकाने गोटा ठेवला, हात जोडले, चालू पडला. मग दुसऱ्याने. कोणी लपतही नव्हते. मलाच चोरासारखे वाटू लागले. शेवटी एक बाई आली, दुधाचे डबे लटकवलेली सायकल हाताने ढकलत. तिनेही ठेवला.

"काऊन टाकता बाई?"

"तुम्ही कोन?"

"पोलीस."

"मंग लिवून घ्या, मी रोज टाकते. वाघानं नेलेल्याच्या जागी टाकतेत ना गोटा? माह्या मालकाले सडकेनं नेलं. ठेकेदाराचे मानसं फेकून राह्यले, म्हून रोज आनते."

जंगलातली ही जुनी रीत मला ठाऊक होती. सडकेसाठी कोणी पाळलेली पाहिली नव्हती. चौकशी केली तेव्हा उलगडले. मागच्या थराने सडक उंच झाली, कड तशीच खाली राहिली. ट्रकला वाट द्यायला तिच्या नवऱ्याने सायकल कडेला उतरवली, चाक घसरले, आणि तो ट्रकच्याच अंगाला पडला. आता त्यावर अजून एक थर चढणार होता, आणि डबे घेऊन तिला रोज तिथूनच जायचे होते.

सडकेच्या इंजिनिअरसाहेबांना बोलावले. तरुण माणूस. म्हणाले, "मॅडम, मंजुरी फक्त डांबराची आहे."

"असू द्या. सायकल येते ना? या बाईंची घ्या. मागून माझी जीप येते. हॉर्न दिला की खाली उतरा."

जीप अगदी हळू नेली, दुरूनच हॉर्न दिला. साहेब उतरले ते थेट झुडपात.

बाई म्हणाली, "डबे रिकामे होते म्हून बरं, साहेब."

साहेबही हसले. मग मात्र ते कडेशी उकिडवे बसले आणि सडक किती उंच झाली ते वितीने मोजले. तिथूनच त्यांनी वरिष्ठांना फोन लावून कड भरायची मंजुरी मागितली. काम वळणाआधी थांबले. कडेला मुरूम भरून दाबला, झुडपे तोडली, मगच थर टाकला. गोट्यांचा ढीग बाईंना विचारून सागाखाली हलवला. ठेकेदार कुरकुरला, पण तक्रार मागे घेतली.

दगड कोणी टाकला, एवढेच आम्ही पोलीस विचारत असतो. कोणासाठी टाकला हे विचारले तर कधी कधी गुन्हा उरत नाही, काम उरते. आणि ते काम रोलर यायच्या आधीच व्हावे लागते. नंतर पुढच्या थरापर्यंत तिकडे कोण बघतो?

मागे एसटीने तिकडून गेले. पुढे तीच बाई, सायकलवर बसलेली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती सहज मुरमावर उतरली. मी मागच्या काचेतून पाहिले, तर ती परत सडकेवर चढली होती, आणि बारीक होत होत सागात मिसळून गेली.