बोलण्यातल्या फटी

घरात तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. चहा निवायची वाट तिने जन्मात पाहिली नव्हती, समोरच्याचं वाक्य तर तीच पुरं करून टाकायची. धंदाही नेमका तसाच मिळाला: माहितीपटांचं संकलन. लोकांच्या बोलण्यातले अं, हं, खोकले, उसासे काढायचे आणि सांधा कुणाला दिसू द्यायचा नाही. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अर्धांगवायूने बाबांची जीभ जड झाली. दुसरा झटका आला तर वाचाच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांवर फिल्म करायची म्हणून दादाने घरात कॅमेरा लावला. त्याचं खूळ जगावेगळं. "एकही कट नको. बाबांना एका वाक्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा बघणाऱ्यालाही लागू दे."

शूटिंगभर ती कॅमेऱ्याशेजारी बसून होती. डोळे मॉनिटरवर आणि जीव नुसता टांगणीला, की हे वाक्य संपतंय कधी!

"लोक उठून जातील रे," ती म्हणाली. दादा ऐकेना. मग तो बाहेरगावी गेल्याची संधी साधून तिने सगळ्या फटी कापल्या आणि घरच्यांना दाखवलं. पडद्यावर बाबा घडाघडा बोलत होते.

"अगदी पूर्वीसारखे गं!" आई डोळे पुसत म्हणाली.

बाबा मात्र टक लावून बघत होते. "हा... कोण... बोलतोय?"

तिने फिल्म तिथेच थांबवली. कापलेलं परत जोडायला ती बसली, तर ते तुकडे एकामागून एक सुरू झाले. त्यात शब्द एकही नव्हता. शब्द अडला की बाबांची नजर कॅमेऱ्यावरून सरकून शेजारी यायची. तिच्याकडे. दर वेळी. आणि ती दर वेळी मॉनिटरमध्ये डोकं घालून बसलेली. तिला स्वतःचा असा राग आला की उठून उभीच राहिली.

बाबांच्या खोलीत जाऊन तिने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. "बाबा, शूटिंगच्या वेळी सारखे माझ्याकडे बघत होतात. काय म्हणायचं होतं?"

"तू..." बाबा म्हणाले आणि अडकले.

तिच्या जिभेवर दहा शब्द आले. तिने ओठ घट्ट मिटले. बाबांचा गळा हलला, थांबला, पुन्हा हलला.

"तू... निघायची... असशील ना?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोला."