पत्रकारांच्या रांगेत

परंपरा मानणाऱ्या त्या पक्षाच्या मेळाव्यात कुमुदताई काल प्रथमच आम्हा पत्रकारांच्या रांगेत बसल्या. एरवी त्या महिला आघाडीत बसायच्या आणि रविवारच्या सदरात याच पक्षाचे कान उपटायच्या. “परक्यांना कोण रागावतं?” असं त्या म्हणत.

काल जुन्या कार्यकर्त्याने त्यांना दारातच अडवलं. “मॅडम, तुमची जागा तिकडे.”

“ताईची मॅडम कधी झाले रे, विलास?”

“वरून सांगितलंय,” तो खाली बघत म्हणाला.

आपल्याकडे माणूस तोडताना आधी आदर वाढवतात.

घोषणा सुरू झाल्या. पत्रकार घोषणा देत नाहीत. कुमुदताईंचा हात मात्र सवयीने वर गेला, ओठही हलले. मग आजूबाजूला पाहून त्यांनी तो हात सावकाश चष्म्याकडे नेला आणि नीट असलेला चष्मा नीट केला.