शुक्रवारी न उघडलेलं पान

आखातात, अब्बासियातल्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर एकच होता आणि त्यातला शहाणाही एकच, मी. शर्क भागातल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, म्हणून खोलीत माझा शब्द शेवटचा. तेच नडलं.

खोलीतले दादा रत्नागिरीकडचे, एसी बसवायचं काम करणारे. त्यांच्या एकुलत्या एक बहिणीचं लग्न शनिवारी दुपारी, गावाला. त्यांच्या मुदीरने, म्हणजे कंपनीच्या साहेबाने, नाही नाही म्हणत शेवटी गुरुवारी रात्री रजा दिली. शुक्रवारी तिकीटवाल्यांची दुकानं बंद. वेबसाइटवर मात्र संध्याकाळच्या मुंबईच्या विमानात एक जागा दिसत होती. उतरल्या उतरल्या गाडी केली की मुहूर्ताला दारात. दादा बॅग भरूनच माझ्या शेजारी येऊन बसले.

पैसे भरायचं पान उघडायला गेलं की इशारा यायचा: साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही, पुढे जायचं का?

"होय दाब की," दादा म्हणाले.

"कार्डाचा नंबर कुणीतरी लांबवेल, दादा. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

असं बोललो मी, वडीलधाऱ्या माणसाला. आणि स्वतः वाचलं होतं फक्त 'मुदत संपली'. मग जुन्या फायली पुसल्या, मोडेम बंद-चालू केला, दुसरा ब्राउझर टाकला, विमान कंपनीच्या नावाने बोटं मोडली. दादा बिचारे चहा करून आणत होते. दुपार कलल्यावर कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. बाहेर मे, कॉम्प्युटरमध्ये मार्च.

इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मराठी टायपिंगचा प्रोग्राम महिनाभर फुकट मिळाला होता. महिना भरत आला की तारीख मागे ओढायची, ही आम्हा मंडळवाल्यांची जुनी हुशारी. साइटचं सर्टिफिकेट एप्रिलचं, नवंकोरं. मार्चमध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते पटणार कसं? तारीख सरळ केली, पान झटक्यात उघडलं. जागा गेलेली होती.

"दादा, माझ्यामुळे झालं हे," मी तिथल्या तिथे सांगितलं. एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. ते "असूं दे" म्हणाले आणि बॅग परत कपाटावर ठेवली.

शनिवारी मुहूर्ताला त्यांनी घरी फोन लावला. स्पीकरवर मंगलाष्टकं ऐकू येत होती, मी मेल्याहून मेल्यासारखा बाजूला. आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. दादांनी विचारलं, कुणी पिळला? चुलतभावाने, आई म्हणाली.

दादांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "जोरात पिळलान ना?"