स्टेशन बंद आहे

तुमच्या घरात असं एखादं माणूस आहे का, ज्याच्या समोर बसून तुम्ही त्याच्याविषयीच बोलता आणि त्याला ते कळत नाही म्हणून निर्धास्त असता? असेल, तर पुढचं वाचा. नसेल, तर आधी नीट आठवून पाहा आणि मग वाचा.

आमच्या घरात आत्या आहे. वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन किहीमच्या आमच्या वाडीत परत आली ती कायमची. पुढे एका तापात तिचे कान गेले. अगदी ठार बहिरी नाही. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर तिला ऐकू येतं. पण तेवढे कष्ट घेणार कोण? ती दिवसभर पडवीत सुपारी सोलायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत राहायचो.

मी पत्रकांवर वाढलो. स्वातंत्र्याआधी वडिलांनी लपूनछपून वाटलेल्या पत्रकांचे उरलेले गठ्ठे घरात पडून होते. माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. मिसरूड फुटायच्या आत मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो. मिठागरांतल्या मजुरांबद्दल, कुळांबद्दल, स्त्रियांच्या हक्कांबद्दल. आमच्या सभा समुद्राकाठी सुरूच्या झाडांखाली भरत आणि वाऱ्यापुढे वक्त्याचा आवाज पुढच्या काही रांगांपलीकडे जात नसे. मागचे लोक बिड्या ओढत आपापसात बोलत बसत. मला त्यांचा राग येई. मग वाटलं, दोष त्यांचा नाही, आवाजाचा आहे. आवाज मोठा करणारं यंत्र आपणच तयार करायचं.

ट्रान्झिस्टर तेव्हा नवलाची चीज होती. वाटाण्याएवढी डबी, तिला तीन पाय. बारीकशी वीज आत घ्यायची आणि बॅटरीच्या जोरावर तीच मोठी करून बाहेर द्यायची, एवढंच तिचं काम. मुंबईच्या जुन्या बाजारातून मी दोन ट्रान्झिस्टर, मोडक्या टेलिफोनचा बोलायचा आणि ऐकायचा तुकडा आणि एक छोटा स्पीकर आणला. वाडीत वीज नव्हती. तांब्याची कांब चुलीतल्या निखाऱ्यांत तापवून मी तारा जोडायला डाख देत होतो. पहिला ट्रान्झिस्टर त्यातच जास्त तापून मेला. दुसऱ्याचा पाय आईच्या चिमट्यात घट्ट धरला. उष्णता चिमट्यात उतरली आणि तो वाचला. साबणाच्या खोक्याच्या फळीवर सगळं ठोकून बसवलं, टॉर्चचे सेल जोडले आणि टेलिफोनच्या तुकड्यासमोर माझ्या सर्वांत जहाल पत्रकाचं पहिलं वाक्य म्हटलं.

स्पीकरमधून डास गुणगुणल्यासारखा आवाज आला.

"ह्याने लोक जागे व्हायचेत?" आई म्हणाली. "चिलटं तरी उठतील का बघ."

एका ट्रान्झिस्टरचा जीव तो केवढा. पण स्पीकर काढून टेलिफोनचा ऐकायचा तुकडा कानाला लावला, तर शब्द न् शब्द लख्ख ऐकू येत होता. सभेला ते पुरणार नव्हतं. एका कानाला पुरलं असतं. तेव्हा मला आत्या आठवली. तेव्हा, त्याआधी नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. दुपारचा कार्यक्रम संपला की स्टेशन बंद व्हायचं आणि नुसती खरखर उरायची. आत्यासमोर कुणी बोलताना अडखळलं, की मी म्हणायचो, "बोला, बोला, स्टेशन बंद आहे." घरात हशा पिकायचा. हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले. आई, धाकटी बहीण, क्वचित वडीलसुद्धा. आम्ही हसलो की आत्याही आमच्याकडे बघून हसायची.

दुपारची वेळ होती. मी खोकं आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि ऐकायचा तुकडा रुमालाने तिच्या कानाशी बांधला. तारेचं टोक सेलला टेकवताच ती दचकली. मग तिने एक सुपारी उचलून परातीत टाकली. पुन्हा एक टाकली. मान वाडीकडे वळवून जरा वेळ तशीच बसली.

"रहाट अजून कुरकुरतोच," ती म्हणाली. "तेल घालायला सांग गड्याला."

माझा ऊर भरून आला. माझ्या कुठल्याही पत्रकाने अजून कुणाचं काही बदललं नव्हतं.

तेवढ्यात आई आतून दारात आली. यंत्र आत्याच्या कानाला लावलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. आत्याने डोक्यावरून पदर घेतला होता, त्यात रुमालही झाकला गेला होता आणि मांडीवरचं खोकं परातीआड होतं. "नवरात्रात माझ्या माहेरची माणसं येतील म्हणते," आई मला म्हणाली. "वन्संची खोली लागेल. त्यांना काय, माजघरात टाकलं तरी चालतंय. कोपऱ्यात पडून राहतील." मला गप्प पाहून ती पुढे म्हणाली, "अरे बोल की. स्टेशन बंदच आहे."

मी तिला थांबवू शकलो असतो. नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. पण मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद होत होता. एवढ्या लांबून, दारातून, आवाज पोचत होता. यंत्र चाललं होतं.

"कुठलं स्टेशन गं?" आत्याने विचारलं. "आपल्याकडे आगगाडी कधी आली? मुंबईला जायला रेवसला जाऊन लाँचच धरतात ना अजून?"

आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मीच घाईघाईने म्हणालो, "काही नाही आत्या, रेडिओचं बोलतेय ती."

आत्याने रेडिओकडे पाहिलं. रेडिओवर कापड घातलेलं होतं. मग तिने आईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"म्हणजे मी," ती म्हणाली. "नाव कुणी काढलं? तूच असशील. तुझ्या आईला एवढं सुचायचं नाही."

मी परातीतल्या सुपाऱ्या उगाच सारख्या करू लागलो.

"चांगलं आहे नाव. मीसुद्धा हसायचे की तुमच्याबरोबर." तिने रुमाल सोडला, तार नीट गुंडाळली आणि खोकं माझ्यापुढे केलं. "खोली घ्या, माझं काही म्हणणं नाही. हे मात्र तुझ्या सभेला ने."

मी तिच्या कानाशी वाकलो आणि आयुष्यातलं सर्वांत मूर्ख वाक्य बोललो. "सभेला ते पुरत नाही, आत्या."

"अस्सं," ती म्हणाली. "म्हणून मला होय." आणि तिने सुपारी पुढे ओढली.

त्यानंतर घर बदललं, पण मला वाटलं होतं तसं नाही. यंत्र फळीवर पडून राहिलं तरी आता तिच्यासमोर कुणी तोंड उघडेना. पडवीत आलं की आई गप्प, बहीण गप्प. आवाज मोठा करायला निघालेल्या माझ्यामुळे घर मुकं झालं. खाऱ्या हवेने सेलच्या पत्र्यांवर हिरवा गंज चढायचा. तो मी खरवडून काढायचो, पुन्हा जोडून पाहायचो आणि परत ठेवून द्यायचो. स्त्रियांच्या हक्कांवरचं एक पत्रक अर्धवट लिहून झालं होतं. ते पुरं करायला हात उचलेना.

शेवटी एकदा न राहवून मी खोकं घेऊन तिच्यासमोर बसलो. "लाव ना गं आत्या," असं तिच्या कानात ओरडलो.

"कशाला? ऐकायला आहे काय?" ती म्हणाली. "पूर्वी निदान तुमचे ओठ तरी हलायचे. आता तेही गेले."

मग हातातली सुपारी खाली ठेवून म्हणाली, "लावीन. पण आधी सगळ्यांनी माझ्याशी बोलायचं, असंच, कानाशी येऊन. माझ्याबद्दल नाही, माझ्याशी. तुझं पत्रक नको हं. बाजारात कोलंबी मिळाली का, ते सांग."

ते मी आईला सांगितलं. आई तशीच चुलीकडे वळली. संध्याकाळी मात्र ती पडवीत गेली, आत्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "वन्सं, तुमची खोली तुमचीच." आवाज इतका मोठा होता की रहाटावरच्या गड्याने मान वळवून पाहिलं. पुढे बोंबील किती महाग झालेत तेही तिने तेवढ्याच मोठ्याने सांगितलं.

आत्याने अजून यंत्र लावलेलं नाही. लावील की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही तिच्याजवळ बसायला शिकतो आहोत. सवय नाही, घसे दुखतात.

वाचकहो, माझ्याकडे यंत्राचा आराखडा मागू नका. तुमच्या घरातही कुणासाठी असा एखादा शब्द रुळला असेल, ज्यावर त्याच्यासमोरच तुम्ही हसता. आज उठा, त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा, आणि तो शब्द त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकदा सांगून टाका. मग त्याला जे म्हणायचं असेल, ते ऐकून घ्या.